देवीची मुभा: मद्रासमधील लसीकरण आणि धर्माधारित सवलतीचा प्रश्न

मराठीत रोगाचे, रोगाच्या अधिष्ठात्रीचे आणि त्या रोगावरील प्रतिबंधक उपायाचे नाव एकच आहे. मुलाला ‘देवी येतात’, मुलाच्या ‘देवी काढतात’, आणि चेहऱ्यावर राहतात तेही ‘देवीचे वण’. तमिळमध्ये हीच स्थिती ‘अम्मै’ या शब्दाची. अम्मै म्हणजे आई, अम्मै म्हणजे देवीचा रोग, आणि लस टोचणे म्हणजे ‘अम्मै कुत्तुदल’. एकोणिसाव्या शतकात सरकारी टोचणारा दारात उभा राहिला तेव्हा तो केवळ औषध घेऊन आला नव्हता; भाषेच्या पातळीवर तरी तो देवीलाच हात घालत होता. लसीकरणाला होणारा धार्मिक विरोध हा अज्ञानाचा भाग म्हणून निकालात काढण्याची सवय वैद्यकाच्या इतिहासलेखनाला दीर्घकाळ होती. वर उल्लेखिलेली शब्दव्यवस्था लक्षात घेतली तर त्या विरोधाला एक अर्थव्यवस्था होती, हे मान्य करावे लागते.

मरिअम्मन आणि मराठी मुलखातील मरीआई यांची तुलना येथे उपयुक्त ठरते. नामसाम्य उघड आहे. परंतु मरीआईचा संबंध प्रामुख्याने पटकी व तत्सम ‘मरी’शी, तर मरिअम्मनचा देवीच्या रोगाशी आणि पावसाशी. शिरच्छेद होऊन मस्तकांची अदलाबदल झालेल्या रेणुकेची कथा तमिळ प्रदेशात मरिअम्मनच्या उत्पत्तीशी जोडली गेली. तीच रेणुका माहूरला आणि सौंदत्तीला यल्लम्मा म्हणून पूजली जाते. तेथे मात्र रोगाधिष्ठात्रीचे काम तिच्याकडे मुख्यत्वे नाही. तमिळ घरात अंगावर फोड उठलेले माणूस हे रोगी नसे, देवीचे आसन असे. कडुनिंबाचा पाला, थंड अन्न, घरात फोडणीचा वास नको, बाहेरच्या माणसाचा वावर नको, हे सारे पाहुणचाराचे नियम होते. मग लस टोचणे म्हणजे न बोलावता पाहुणीला बोलावणे, किंवा आलेल्या पाहुणीचा अपमान करणे, यांपैकी काय, असा प्रश्न तेथे स्वाभाविक होता.

जेनरची गोस्तनलस हिंदुस्थानात बगदाद-बसरा मार्गे आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अॅना डस्टहॉल या मुलीच्या दंडावर ती यशस्वी ठरली, आणि तेथून लस पुणे, हैदराबाद, मद्रास व सिंहलद्वीप अशा वाटांनी गेली. प्रवासाचे वाहन मुलांचे दंडच होते. एका मुलाच्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर, असा हा ‘दंडोदंडी’ क्रम चाले. आणि आक्षेपाचे सर्वांत ठोस कारण नेमके येथे होते. दुसऱ्या जातीच्या मुलाच्या शरीरातील द्रव आपल्या मुलाच्या रक्तात जावा, हे सवर्ण कुटुंबांना मान्य नव्हते. ज्याच्या दंडातून द्रव घेतला जाई त्या, बहुधा गरीब, कुटुंबाची तक्रार वेगळी होती: फोड उघडल्याने मुलाला त्रास होतो आणि त्याच्यातली शक्ती दुसऱ्याला जाते. इतिहासाच्या पुस्तकांत पहिली तक्रार ‘धार्मिक’ या सदरात आणि दुसरी ‘अंधश्रद्धा’ या सदरात पडली. या वर्गीकरणामागचा पक्षपात वेगळा सांगण्याची गरज नाही.

मद्रासमधील कथा मात्र विरोधापेक्षा मन वळवण्याच्या प्रयत्नात अधिक रंगतदार आहे, आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ती विशेष जवळची वाटावी. फ्रान्सिस व्हाइट एलिस हा मद्रासचा जिल्हाधिकारी, फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजच्या स्थापनेतील (१८१२) प्रमुख व्यक्ती आणि द्राविडी भाषांचे स्वतंत्र कुल १८१६ मध्ये मांडणारा पंडित. लसीविषयीची धास्ती घालवण्यासाठी त्याने तमिळमध्ये एक रचना केली. तिच्यात धन्वंतरी आणि देवी शक्ती यांचा संवाद आहे, आणि गाईपासून आलेली ही लस देवीच्याच अनुग्रहाचा भाग असल्याचे तिथे सुचवले जाते. विरोधकाचा देव विरोधकाविरुद्ध साक्षीला उभा करायचा, ही तिची युक्ती. जानेवारी १८१९ मध्ये ‘मद्रास कूरियर’ या वृत्तपत्रात ‘कल्वि विरुम्बन’ (अर्थ: विद्येची आवड असणारा) या टोपणनावाने एक पत्र आले. गाईच्या आचळावरील फोडाचा द्रव घेऊन माणसाच्या दंडावर टोचण्याची कृती धन्वंतरीच्या एका प्राचीन ग्रंथात आहे, असा त्या पत्राचा दावा होता. हे पत्र एलिसचेच असावे, असा तर्क आधुनिक संशोधकांनी केला आहे. त्या प्राचीन ग्रंथाचा मात्र कोणत्याही हस्तलिखित-संग्रहात थांगपत्ता लागलेला नाही. पत्रानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १८१९ मध्ये, एलिस रामनाड येथे वारला.

यातील उपरोध असा की याच एलिसने ‘एझूर्वेदम्’ हा ग्रंथ वेद नसून ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या वर्तुळातून आलेली अर्वाचीन रचना आहे, हे दाखवून दिले होते. त्याचा तो निबंध १८२२ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला गेला. दुसऱ्याचे पवित्र कपट उघडे करणाऱ्याला स्वतःचे कपट वर्ज्य वाटले नसावे, किंवा ते कपट आहे असेच वाटले नसावे. त्याच्या दृष्टीने ते अनुवादाचे काम होते: एका ज्ञानव्यवस्थेतील उपाय दुसऱ्या व्यवस्थेच्या आप्तवाक्यात नेणे. या बाजूने पाहिले तर एलिसची ही कृती सर्वस्वी लबाड ठरत नाही. परंतु ज्याला फसवायचे त्यालाच पटवायचे, असे दुहेरी काम अनुवादाला फार काळ झेपत नाही.

त्याच काळात मद्रासपासून फार दूर नसलेल्या तंजावरात मराठी राजा दुसरा सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) धन्वंतरीच्या नावानेच एक वेगळा उद्योग करीत होता. त्याच्या धन्वंतरी महालात देशी वैद्य व पाश्चात्त्य वैद्यक एका छपराखाली आले. तेथील अनुभवसिद्ध औषधयोग पुढे ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ संग्रहांतून टिकून राहिले. भूगोल सांगण्यासाठी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाट्यही त्याच राजाचे. एलिस आणि सरफोजी हे दोघेही नव्या ज्ञानाला जुन्या प्रकाराचे वस्त्र देत होते. फरक इतकाच की सरफोजीच्या कुरवंजीत वस्त्र हे वस्त्र म्हणूनच दिसते. भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडी पृथ्वीचे खंड आले तरी तो वेदच आहे असा दावा कोणी करीत नाही. मराठी समीक्षेने तंजावरी नाटकांचा विचार बहुधा रंगभूमीच्या आरंभाच्या वादापुरता केला. ज्ञानाच्या भाषांतराचे साधन म्हणून त्यांच्याकडे पाहणे बाकी आहे.

कल्पित ग्रंथ मात्र मेला नाही. तो युरोपीय वैद्यकीय लेखनात उद्धृत होत गेला आणि परत फिरून मद्रासलाच आला. गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूट ही संस्था १८९९ मध्ये लसनिर्मितीच्या कामासाठी सुरू झाली होती; डब्ल्यू. जी. किंग या आरोग्य-अधिकाऱ्याचे नाव तिला मिळाले. १९०५ मध्ये तिच्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड अँप्टहिल यांनी किंग यांचा हवाला देत, प्राचीन हिंदुस्थानाला लस टोचण्याची कला ठाऊक असणे संभवनीय आहे, असे सांगितले आणि धन्वंतरीच्या नावावरचा तोच उतारा वाचला. एका जिल्हाधिकाऱ्याची युक्ती शहाऐंशी वर्षांनी गव्हर्नरच्या मुखी इतिहास झाली. पुढे आर्यसंस्कृतीचा गौरव करणाऱ्या पुस्तकांनी ते भाषण पुरावा म्हणून वापरले.

याच १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘जेकबसन विरुद्ध मॅसॅच्युसेट्स’ हा निकाल दिला. हेनिंग जेकबसन हा केंब्रिज शहरातील पाद्री. लस न घेतल्याबद्दल पाच डॉलरचा दंड त्याला मान्य नव्हता. तो धर्मोपदेशक असूनही त्याचा युक्तिवाद मुख्यतः स्वातंत्र्याचा होता, आणि न्यायालयाने तो नाकारला. इंग्लंडने मात्र १८९८ च्या कायद्यात वेगळी वाट काढली होती. लस आपल्या अपत्यास अपायकारक आहे असे जो पालक मनापासून मानतो, त्याने तसे दंडाधिकाऱ्याला पटवून द्यावे आणि दंडातून मुक्त व्हावे. युद्धास नकार देणाऱ्यांना पुढे लागलेले ‘सदसद्विवेकी विरोधक’ हे बिरुद इंग्रजीत याच लसीच्या कायद्यामुळे रूढ झाले, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

हिंदुस्थानला हे कलम मिळाले नाही. १८८० चा लसीकरण कायदा नगरपालिका व छावण्यांसाठी होता. त्यात मूल अशक्त असेल किंवा लस त्याला लागूच होत नसेल तर सूट होती. पालकाच्या मनाला तेथे जागा नव्हती. ज्या साम्राज्याने स्वतःच्या घरी सदसद्विवेक कायद्यात लिहिला, त्यानेच वसाहतीत तो लिहिला नाही. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. वसाहतीतील प्रजेकडे ‘विवेक’ असतो असे मानले गेले नव्हते, ‘रूढी’ असते असे मानले गेले होते. आणि रूढीला सूट द्यायची नसते, तिची समजूत घालायची असते. एलिसचा धन्वंतरी आणि १८९८ चे इंग्रजी कलम ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत.

विवेकाचा दावा हिंदुस्थानात बोलला तो गांधींच्या लेखनात. लस ही प्राण्याच्या पीडेतून आलेली अशुद्ध वस्तू आहे, असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी अहिंसेच्या व्रताशी जोडले. १९३० च्या आरंभी, दांडीयात्रेच्या तोंडावर, साबरमती आश्रमात देवीच्या साथीत काही मुले दगावली; संगीतकार नारायण मोरेश्वर खरे यांच्या घरीही हा आघात झाला. खरे त्यानंतर यात्रेला निघाले. ज्या विवेकाची किंमत मूल असते, त्याच्याविषयी लिहिताना चरित्रकारांचा हात येथे थबकतो, आणि ते योग्यच आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात धर्माधारित सवलतीचे व्याकरण पुन्हा मद्रासशी जोडले जाते. संविधानाचे २५ वे कलम धर्मस्वातंत्र्य देते, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात (मद्रासचे धर्मादाय आयुक्त विरुद्ध लक्ष्मींद्र तीर्थ स्वामी) सर्वोच्च न्यायालयाने धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे त्या धर्माच्या सिद्धान्तांवरून ठरवावे असे म्हटले, आणि त्यातूनच पुढे ‘अत्यावश्यक आचारा’ची कसोटी विकसित झाली. ही कसोटी लावली तर लसीस विरोध करणाऱ्याला आधी आपला ग्रंथ काढून दाखवावा लागतो. एलिसने हाच ग्रंथ लिहून दिला होता, फक्त उलट्या बाजूने.

म्हणूनच २०२१ च्या साथीत रोजगारावर लसीची सक्ती आली तेव्हा भारतीय याचकांचे युक्तिवाद अमेरिकेतील याचकांसारखे झाले नाहीत. तेथे मालकाकडे धार्मिक सवलत मागण्याचा कायदेशीर मार्ग होता, आणि गर्भपेशींपासून आलेल्या संवर्धनाचा आक्षेप पुढे आला. येथे जून २०२१ मध्ये मेघालय उच्च न्यायालयाने दुकानदार व वाहनचालकांच्या व्यवसायासाठी लस सक्तीची करणे अवैध ठरवले, ते उपजीविकेच्या हक्काच्या आधारावर. गुजरात उच्च न्यायालयात आलेल्या हवाई दलातील एका कर्मचाऱ्याने मात्र आयुर्वेदिक उपचार आणि ‘अंतर्मन परवानगी देत नाही’ अशी कारणे एकत्र मांडली. १८९८ चे ते न मिळालेले कलम जणू एका अर्जात परतले. तमिळनाडूत नोव्हेंबर २०२१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी जाणाऱ्यांना लसीची अट घातली गेली, तिचा आधार १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा होता.

तमिळनाडू आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचे निर्बंध ‘जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार’ या याचिकेत आव्हानाखाली आले. २ मे २०२२ रोजी न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांनी निर्णय दिला: कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही; लसीकरणाचे धोरण गैर नाही; परंतु त्या वेळच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरील निर्बंध प्रमाणाबाहेर आहेत. खासगी संस्थांनाही आपले नियम तपासून पाहण्याची सूचना निकालात आहे. आधार होता २१ व्या कलमातील देहाच्या अखंडतेचा. २५ वे कलम निकालाचे केंद्र नव्हते.

त्याआधी वर्षभरापूर्वी, मे २०२१ मध्ये, कोयंबतूरच्या कामाक्षीपुरी अधीनमने ‘कोरोना देवी’ची काळ्या पाषाणाची मूर्ती बसवली होती. त्या शहरात प्लेग मरिअम्मनची देवळे आधीपासूनच आहेत.