रणगाडा आणि जड मशीनगन

पहिल्या महायुद्धात १५ सप्टेंबर १९१६ रोजी ब्रिटिशांनी फ्रान्समधील सॉम येथे प्रथमच रणगाडे युद्धात उतरवले. त्यांपैकी तोफा असलेल्यांना ‘मेल’ आणि केवळ मशीनगन असलेल्यांना ‘फिमेल’ म्हणत. या मशीनगनमधून रायफलचीच .३०३ इंची गोळी झाडली जाई. पायदळाविरुद्ध ती परिणामकारक असली, तरी चिलखतापुढे निष्प्रभ होती. २४ एप्रिल १९१८ रोजी व्हिलेर-ब्रेतोनो येथे जर्मन रणगाड्याशी गाठ पडताच दोन ‘फिमेल’ रणगाड्यांना माघार घ्यावी लागली.

चिलखत भेदण्यासाठी जर्मनीने १३ मिलिमीटरची मशीनगन तयार केली. परंतु तिचा प्रत्यक्ष वापर होण्यापूर्वीच युद्ध संपले. अमेरिकेत जॉन ब्राउनिंग यांनी .५० इंची मशीनगन विकसित केली. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर तिच्यात सुधारणा होऊन १९३३ मध्ये ‘एम-२’ साकारली. सततच्या माऱ्याने तापणाऱ्या नळीवर उपाय म्हणून तिला जाड, हवेने थंड होणारी नळी बसवण्यात आली. १९३५ नंतरच्या काही हलक्या अमेरिकी रणगाड्यांचे हेच मुख्य शस्त्र होते.

पुढे चिलखत अधिक जाड झाले आणि ते भेदण्याचे काम तोफेकडे गेले. मशीनगन मात्र रणगाड्याच्या छतावर गेली आणि आजही ती तेथेच आहे.