ज्या आडनावाचा अर्थच ‘टाकलेलं मूल’, ते इटलीत चौथ्या नंबरवर कसं पोचलं?

ब्रेकिंग बॅड पाहिली असेल तर गस फ्रिंग विसरणं अवघड आहे. चेहऱ्यावर हसू, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, वरवर चिकनच्या हॉटेलांचा मालक आणि आतून ड्रग्जचा धंदा. ही भूमिका करणारा अभिनेता म्हणजे जिआनकार्लो एस्पोझितो. त्याचे वडील मूळचे नेपल्सचे.

आता दुसरं नाव. आपण पिझ्झा मागवतो तेव्हा मेन्यूत सगळ्यात वर ‘मार्गारिटा’ असतो. १८८९ साली इटलीची राणी मार्गेरिता नेपल्सला आली, तेव्हा एका पिझ्झावाल्याने टोमॅटो, मोझरेला आणि बेझिलची पानं घालून तिच्यासाठी पिझ्झा बनवला आणि तिचंच नाव त्याला दिलं, अशी गोष्ट सांगितली जाते. इतिहासकारांना ही गोष्ट पूर्णपणे पटत नाही, पण पिझ्झावाल्याचं नाव सगळ्यांना पाठ आहे. राफाएले एस्पोझितो.

आइस हॉकी गाजवणारे कॅनडाचे फिल आणि टोनी हे भाऊसुद्धा एस्पोझितोच. ‘द सीक्रेट इन देअर आइज’ या २००९ च्या ऑस्करविजेत्या अर्जेंटिनी सिनेमाचा नायकही एस्पोझितो.

ही मंडळी एकमेकांची नातेवाईक नाहीत. त्यांना जोडणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि त्यासाठी नेपल्समधल्या एका भिंतीपाशी जावं लागतं.

आधी अर्थ समजून घेऊ

एस्पोझितो हा शब्द लॅटिनमधल्या ‘एक्सपोझितुस’वरून आला. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. म्हणून एक्सपोझितुस म्हणजे बाहेर ठेवलेला. इंग्रजीतला ‘एक्सपोज’ याच घराण्यातला.

काय बाहेर ठेवलेलं? तर मूल. जन्मदात्यांनी चर्चच्या पायरीवर, दवाखान्याच्या दाराशी किंवा रस्त्याच्या कडेला ठेवून दिलेलं बाळ. मराठीत आपण ज्याला ‘टाकलेलं मूल’ म्हणतो, तेच. (उच्चारही सांगून टाकू. इटालियनमध्ये जोर ‘पो’वर येतो. अमेरिकेत तो सरकून पुढच्या अक्षरावर गेला.)

मुलं टाकणं ही काही फक्त इटलीतली गोष्ट नव्हती. पण इटलीने त्यासाठी एक व्यवस्थाच उभी केली. रोममध्ये त्याबद्दल एक दंतकथा सांगतात. टायबर नदीत कोळ्यांच्या जाळ्यात माशांऐवजी मेलेली अर्भकं येऊ लागली. ते ऐकून पोप तिसरा इनोसंट हादरला आणि त्याने बाराव्या शतकाच्या शेवटी सान्तो स्पिरितो या इस्पितळात अशी मुलं स्वीकारायची सोय केली. या इस्पितळाच्या भिंतींवर हा प्रसंग आजही रंगवलेला दिसतो.

या सोयीचं नाव होतं ‘रुओता’, म्हणजे चाक.

भिंतीतलं चाक

नेपल्सच्या जुन्या भागात सान्ता कासा देल्ल’अनुन्झियाता नावाची संस्था आहे. चर्च, इस्पितळ आणि अनाथालय असं सगळं एकत्र. तिची सुरुवात चौदाव्या शतकातली. तिच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक लहान खिडकी होती आणि खिडकीत बसवलेला लाकडी पिंप, मधल्या दांड्यावर फिरणारा. एका बाजूने उघडा, बाकी बंद.

आई, दाई किंवा घरातलं कुणीतरी रात्रीच्या अंधारात यायचं, बाळ पिंपात ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायचं आणि निघून जायचं. आत एक बाई पाळीवर बसलेली असायची. ती बाळाला उचलून घ्यायची. आतल्या बाईला बाहेरचा चेहरा दिसत नसे आणि बाहेरच्या बाईला आतला.

मग बाळाला आंघोळ, बाप्तिस्मा आणि नोंद. कधी आलं, साधारण किती दिवसांचं, अंगावर काय कपडे, सोबत काही चिठ्ठी आहे का, हे सगळं वहीत लिहिलं जायचं. गळ्यात शिशाचा छोटा शिक्का अडकवायचे, म्हणजे एका बाळाचं दुसऱ्यात मिसळायला नको. नेपल्सचे लोक या मुलांना ‘मादोन्नाची लेकरं’ म्हणायचे, कारण त्यांची जबाबदारी मेरीमातेने घेतली असं मानलं जायचं.

वहीत नावापुढे ‘एस्पोझितो’ असं लिहिलेलं असायचं. सुरुवातीला ते आडनाव नव्हतं, कारकुनाने मारलेला शेरा होता. पण ज्याला बापाचं नाव नाही त्याला तोच शेरा आयुष्यभर चिकटला आणि पुढे त्याच्या मुलाबाळांनाही.

या चाकाबद्दल नेपल्समध्ये एक किस्सा सांगतात. खिडकी तान्ह्या बाळांच्या मापाची होती. तरी उपासमारीला कंटाळलेले आईबाप थोड्या मोठ्या पोरांना अंगभर तेल चोपडून त्या भोकातून आत ढकलायचे म्हणे. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण अशी गोष्ट शहराने सांभाळून ठेवावी यातच बरंच काही आलं.

टाकणारे कोण होते?

सोपं उत्तर म्हणजे ‘लग्नाआधी आई झालेल्या मुली’. ते चूक नाही, पण अपुरं आहे. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड कर्टझर यांनी या विषयावर १९९३ साली पुस्तक लिहिलं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की कुटुंबाची अब्रू वाचवण्यासाठी चर्च, दाया आणि सरकारी यंत्रणा मिळून अविवाहित आईवर मूल सोडून द्यायचा दबाव आणत. तिला मूल हवं होतं का, हा प्रश्नच कुणी विचारत नसे. बापाचं नाव शोधायच्या फंदात तर कुणीच पडत नसे.

याच्या जोडीला गरिबी. लग्न झालेली, आधीच चार पोरं असलेली जोडपीही पाचव्याला चाकात ठेवत. त्यांतल्या काहींना मूल परत न्यायचं असायचं, म्हणून ते बाळासोबत खूण ठेवत. अर्धं तोडलेलं पदक, फाडलेलं देवाचं चित्र, कापडाचा तुकडा. उरलेला अर्धा भाग आई जवळ ठेवणार. दिवस पालटले की येऊन दोन तुकडे जुळवायचे आणि मूल घेऊन जायचं.

फ्लॉरेन्सच्या इनोचेन्ती संस्थेच्या संग्रहालयात अशा खुणा लहान लहान खणांमध्ये ठेवलेल्या आहेत. त्यातलं अर्धं पदक पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. ते तिथे आहे, याचा अर्थ दुसरा अर्धा भाग घेऊन कुणी आलं नाही.

आणि आलं असतं तरी मूल जिवंत असेलच याची खात्री नव्हती. बाटलीचं सुरक्षित दूध तेव्हा नव्हतं. बाळ जगवायचं तर दूध पाजणारी बाई हवी. संस्थेतल्या दाया कमी पडायच्या, एकेकीकडे अनेक बाळं, त्यात साथीचे आजार. काही काळात निम्म्याहून जास्त मुलं वर्षभरही जगत नसत. म्हणून बाळांना पैसे देऊन गावाकडच्या दायांकडे पाठवलं जाई. त्यातली काही त्याच घरात वाढली आणि तिथलीच झाली. आज एस्पोझितो फक्त नेपल्स शहरात नाही, तर व्हेसुव्हियसच्या आसपासच्या गावागावांत सापडतात, त्यामागचं एक कारण हेही.

शहर बदललं की आडनाव बदलायचं

एस्पोझितो ही दक्षिणेची पद्धत. इटली तेव्हा एक देश नव्हता, त्यामुळे प्रत्येक शहराचा शिक्का वेगळा.

रोममध्ये अशा मुलांना ‘प्रोएत्ती’ आडनाव मिळायचं. त्याचं मूळ ‘फेकलेला’ या अर्थाचं, म्हणजे एस्पोझितोपेक्षाही कठोर. फ्लॉरेन्सने जरा माणुसकी दाखवली. तिथल्या संस्थेचं नावच ‘निष्पापांचं इस्पितळ’. इमारत ब्रुनेलेस्कीची, काम १४१९ ला सुरू झालं, आणि पहिलं बाळ आलं ५ फेब्रुवारी १४४५ ला. मुलगी होती, नाव ठेवलं आगाता. इथल्या मुलांची आडनावं झाली इनोचेन्ती, देल्ल’इनोचेन्ती, नोचेन्तिनी.

इनोचेन्ती हे नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीने पाहिलेलं असू शकतं. लॅम्ब्रेटा स्कूटर बनवणारी मिलानची कंपनी इनोचेन्ती, आणि तिच्याच परवान्यावर मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने भारतात लॅम्ब्रेटा आणली. कंपनीचे संस्थापक फेर्दिनान्दो इनोचेन्ती टस्कनीचे, म्हणजे फ्लॉरेन्सच्याच प्रांतातले. अर्थात तेवढ्यावरून त्यांच्या पूर्वजांबद्दल काही सिद्ध होत नाही.

मिलानमध्ये मोठ्या इस्पितळाचं चिन्ह होतं कबुतर, इटालियनमध्ये ‘कोलोम्बा’. म्हणून तिथली मुलं कोलोम्बो. आज लोम्बार्दी प्रांतात हे अगदी आघाडीचं आडनाव आहे. मात्र क्रिस्तोफर कोलंबसचं (इटालियनमध्ये कोलोम्बो) नाव इथे जोडायची घाई नको. तो जेनोआचा आणि त्याच्या बापाचा, आजोबाचा पत्ता इतिहासाला माहीत आहे. कबुतरावरून आडनाव पडायला इस्पितळच लागतं असं नाही.

याशिवाय त्रोवातो म्हणजे सापडलेला, व्हेन्तुरा म्हणजे नशीब, दिओताल्लेवी म्हणजे ‘देव तुला वाढवो’. यातली काही नावं शुभ म्हणून घरच्या मुलांनाही ठेवत, त्यामुळे प्रत्येकाच्या मागे चाक असेलच असं नाही.

मग राजाने बंदी घातली

आता अडचण कुठे होती ते बघा. नाव सांगितलं की समोरच्याला जन्मकथा कळायची. लग्न जमवताना, काम मागताना, चर्चमध्ये, कोर्टात, सगळीकडे. मेरीमातेचं लेकरू वगैरे बोलायला ठीक होतं. प्रत्यक्षात ‘अनौरस’ हा डाग नातवंडांपर्यंत जायचा.

१८०८ मध्ये नेपल्सच्या गादीवर जोआकिम म्युरा आला. हा नेपोलियनच्या बहिणीचा नवरा, फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या विचारांत वाढलेला सेनापती. १८१४ मध्ये त्याच्या सरकारने टाकलेल्या मुलांना एस्पोझितो आडनाव द्यायला मनाई केली. पुढच्याच वर्षी त्याचं राज्य गेलं आणि त्याला गोळ्या घातल्या गेल्या, पण नियमाची दिशा टिकली. मिलाननेही १८२५ च्या सुमारास सरसकट कोलोम्बो देणं थांबवलं. आता प्रत्येक मुलासाठी वेगळं आडनाव कारकुनाने डोक्यातून काढायचं. नेपल्सचं चाक १८७५ साली बंद झालं.

इथे खरा प्रश्न येतो. दोनशे वर्षांपूर्वी बंद केलेलं आडनाव आज रोस्सी, रुस्सो आणि फेरारीनंतर बहुतेक याद्यांमध्ये चौथं कसं?

एक तर बंदी नव्या मुलांपुरती होती. आधीच्या एस्पोझितोंचं नाव काढून घेतलं नव्हतं, आणि तोवर कित्येक पिढ्यांची मुलं याच नावाने मोठी झाली होती, त्यांचे संसार झाले होते. दुसरं म्हणजे गणित. रोस्सी म्हणजे तांबूस केसांचा, फेरारी म्हणजे लोहार. अशी नावं गावोगावी एकेका माणसापासून सुरू झाली. एस्पोझितोच्या बाबतीत अनुन्झियातासारखी एकटी संस्था वर्षाला शेकडो मुलांना तेच नाव देत होती. दक्षिणेतल्या इतर अनाथालयांची भर वेगळीच. निम्मी मुलं दगावली तरी उरलेल्यांची संख्या कुठल्याही एका घराण्याच्या आवाक्याबाहेरची होती.

पुढे १८८० नंतरच्या दशकांत दक्षिण इटलीतले लाखो लोक पोटासाठी अमेरिका, अर्जेंटिना, कॅनडाकडे गेले. नाव त्यांच्याबरोबर बोटीत चढलं. स्पेनमध्ये याच अर्थाचं ‘एक्सपोसितो’ आधीपासून होतं, त्यामुळे अर्जेंटिनात कोण कुठल्या देशाचं हे नुसत्या नावावरून कळत नाही.

म्हणजे प्रत्येक एस्पोझितो अनाथांचा वंशज?

हो, पण जरा थांबा. आडनाव फक्त बापाच्या रेषेतून येतं. आजच्या एखाद्या एस्पोझितोपासून सात पिढ्या मागे गेलं तर त्या पिढीत त्याचे १२८ पूर्वज निघतात. आडनाव त्यातल्या एकाचं. बाकी १२७ जणांत शेतकरी, कोळी, वकील, कुणीही असू शकतं. आणि ज्याच्या घराण्याचं आडनाव भारदस्त आहे, त्याच्या आईच्या किंवा आजीच्या बाजूने एखादं चाक असू शकतंच की. फक्त ते नावात दिसत नाही.

मात्र वंशवेल शोधायला निघालेल्या एस्पोझितोंची एक अडचण खरी आहे. कॅनडा किंवा न्यू यॉर्कहून मागे मागे जात ते नेपल्सच्या वहीपर्यंत पोचतात. तिथे तारीख असते, कधी वेळ असते, दुपट्याचा रंग असतो. आईचं नाव नसतं. शोध तिथेच संपतो.

आजच्या इटलीत आई ओळख न देता दवाखान्यात बाळंत होऊ शकते, आणि तिचं नाव १०० वर्षं गुप्त ठेवायची तरतूद आहे. अशा मुलांना मोठेपणी आपलं मूळ शोधायचा काही मार्गच नसणं चूक आहे, असं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं. त्यानंतर २०१३ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयानेही सांगितलं, की आईला अजून गुप्तता हवी आहे का हे मुलाच्या विनंतीवरून तिला विचारता आलं पाहिजे.

आडनावाचा प्रश्न २००० सालच्या नोंदणी नियमांनी मिटवला आहे. आईबाप माहीत नसलेल्या मुलाला त्याचा जन्म उघड करणारं नाव किंवा आडनाव देता येत नाही. त्या भागातल्या नामांकित घराण्याचं किंवा ऐतिहासिक महत्त्वाचं आडनावही देता येत नाही.

चाकं मात्र दुसऱ्या रूपात परत आली आहेत. काही दवाखान्यांच्या भिंतीत आता ऊबदार पाळणा असतो. बाळ ठेवलं की आत डॉक्टरांना सूचना जाते. एप्रिल २०२३ मध्ये ईस्टरच्या दिवशी मिलानच्या पोलिक्लिनिकोमधल्या अशा पाळण्यात एक मुलगा सापडला, सोबत आईची चिठ्ठी होती. पोलिक्लिनिको म्हणजे कबुतराचं चिन्ह असलेल्या त्याच जुन्या इस्पितळाचं आजचं रूप. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी या मुलाच्या नावापुढे कारकुनाने कोलोम्बो लिहिलं असतं.