न्यूयॉर्कचे नगरशासन आणि उपाहारगृहांवरील अरिष्ट (२०२०–२०२४)

मंदीच्या काळात स्थानिक स्वराज्य संस्था एखाद्या व्यवसायाला साहाय्य करते, तेव्हा ते साहाय्य नेमके कोणाच्या पदरचे असते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. केंद्रशासन तूट पत्करून पैसा ओतू शकते. नगरशासनास तो मार्ग बहुधा बंद असतो. न्यूयॉर्कचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७५ च्या आर्थिक अरिष्टानंतर या नगरावर चालू जमाखर्च प्रतिवर्षी समतोल राखण्याचे कायदेशीर बंधन आले. शिवाय भोजनाच्या बिलावरील ८.८७५ टक्के विक्रीकरापैकी ४.५ टक्के नगराच्याच तिजोरीत जातो. म्हणजे उपाहारगृहे बंद पडताच साहाय्यकर्त्याचे उत्पन्नही आटणार होते.

१६ मार्च २०२० रोजी राज्यशासनाच्या आदेशाने आत बसून भोजन करण्यास मनाई झाली. नगरशासनाने प्रारंभी रोख साहाय्याचाच प्रयत्न केला. लहान व्यवसायांना ७५ हजार डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज आणि अगदी लहानांना वेतनासाठी अनुदान, अशा त्या योजना होत्या. निधी तुटपुंजा होता. तो लवकरच संपला, आणि त्यातील बहुतांश मॅनहॅटनमध्ये गेला. ब्रॉंक्ससारख्या गरीब विभागाच्या वाट्याला नगण्य रक्कम आली. ज्याची कागदपत्रे तयार, त्यालाच असा निधी प्रथम पोहोचतो.

पैसा नव्हता, परंतु रस्ते होते. पूर्वी पदपथावर मेजे मांडण्यासाठी शुल्क, अनामत रक्कम आणि अनेक महिन्यांची प्रतीक्षा आवश्यक असे. कित्येक वस्त्यांत तर नियोजनाच्या नियमांनी ते निषिद्धच होते. २२ जून २०२० पासून महापौर बिल डी ब्लाझिओ यांच्या आदेशाने मालकाने स्वतःच नियमपालनाचे निवेदन भरून देणे पुरेसे ठरले. शुल्क माफ झाले आणि वाहने उभी करण्याची जागाही भोजनासाठी खुली झाली. दहा हजारांहून अधिक उपाहारगृहांनी याचा लाभ घेतला. सुमारे एक लाख रोजगार वाचल्याचा नगरशासनाचा दावा अतिशयोक्त मानला, तरी एवढ्या अल्प खर्चात एवढे व्यापक साहाय्य दुसऱ्या कोणत्याही मार्गाने झाले नसते, हे मान्य करावे लागते. हिवाळ्यात मात्र योजनेतील विसंगती उघड झाली. थंडी अडविण्यासाठी लाकडी मांडव बंदिस्त होत गेले, आणि ‘बाहेर’ म्हणजे काय, हे ठरविण्यासाठी मांडवाची किती बाजू उघडी असावी याचे नियम करावे लागले!

दुसरे साधन कायद्याचे होते. घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या कंपन्या बिलाच्या ३० टक्क्यांपर्यंत दलाली घेत. मे २०२० मध्ये नगरपरिषदेने ती पोहोचविण्यासाठी १५ व इतर सेवांसाठी ५ टक्क्यांवर मर्यादित केली. २०२१ मध्ये ही मर्यादा कायम होताच कंपन्या न्यायालयात गेल्या. त्याच मे महिन्यातील दुसरा कायदा अधिक धाडसी होता. गाळ्याच्या भाडेकरारास मालकाची वैयक्तिक हमी जोडलेली असे. त्यामुळे धंदा बुडाला तरी घरदार धोक्यात राही. ७ मार्च २०२० ते ३० जून २०२१ या काळातील थकबाकीपुरती ही हमी परिषदेने निष्प्रभ केली.

येथे मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. हमी गेली ती घरमालकाची. नगराने त्याच्याकडून मालमत्ता कर घेणे थांबविले नव्हते. करारांचे संरक्षण करणाऱ्या घटनेतील कलमाच्या आधारे घरमालकांनी दाद मागितली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो दावा पुनरुज्जीवित केला, आणि २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरविला. उपाहारगृहमालकाची निकड खरी होती; परंतु तिचा भार सर्व करदात्यांवर न पडता शेजारच्या एकावर पडला. रस्त्यांच्या बाबतीतही हेच झाले. गोंगाट, उंदीर आणि गेलेली वाहनांची जागा यांची किंमत रहिवाशांनी मोजली, आणि त्यांनीही न्यायालय गाठले. खरे अर्थबळ केंद्राकडे होते. काँग्रेसने मार्च २०२१ मध्ये उपाहारगृहांसाठी २८.६ अब्ज डॉलर मंजूर केले, तरी बहुसंख्य अर्जदार रिकाम्या हातीच राहिले.

ऑगस्ट २०२३ च्या कायद्याने रस्त्यावरील भोजनास स्थायी रूप मिळाले. मात्र १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर एवढ्याच काळापुरते, आणि अनुज्ञापत्र व जागेचे शुल्क भरूनच. ऑगस्ट २०२४ च्या मुदतीपर्यंत सुमारे तीन हजार अर्ज आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर रस्त्यांवरील मांडव उतरविण्यात आले.