मिशनवाले, दुष्काळ आणि एका फादरच्या अटी

आपल्या अड्याळात "मिशन" म्हटलं की दोन पार्ट्या लगेच तयार होतात. एक म्हणते, "अरे, त्यांच्यामुळंच तर शाळा-दवाखाने पाहिले आपण." दुसरी म्हणते, "तांदूळ देऊन धर्म बदलवणारे लोक ते, काहून कौतुक करता?" लहानपणापासून मी दोन्ही ऐकत आलो. दोघांपैकी कोणी तारखा सांगत नाही, नावं सांगत नाही. म्हणून आज जरा बैजवार लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे सगळ्याच ख्रिस्ती लोकांना एका दावणीला बांधतात. भंडारा शहरातलं जुनं मिशन, त्याचा दवाखाना आणि अनाथालय हे स्कॉटलंडच्या चर्चचं काम. ते प्रोटेस्टंट. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, तेही त्याच चर्चचे. कॅथलिक वेगळे. त्यांचे फादर लग्न करत नाहीत, रोमच्या पोपला मानतात आणि संघ करून राहतात. नागपुरात आले ते सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाचा संघ चालवणारे. आल्प्स डोंगराच्या पायथ्याशी सॅव्हॉय प्रांतात ॲनसी नावाचं गाव आहे, तिथे 1838 मध्ये पियर मर्मिये या धर्मगुरूंनी हा संघ काढला. त्याची माणसं 1845 मध्ये भारताकडे निघाली आणि विशाखापट्टणमला ठाण मांडून पुढे कामठी-नागपूरपर्यंत आली. म्हणजे हिस्लॉप आणि हे लोक आगेमागेच विदर्भात पोचले. दोघांचं एकमेकांशी फार जमत होतं असं समजू नका.

कामठीच का? तर कामठीला 1821 पासून इंग्रजांची छावणी होती, आणि गोऱ्या पलटणीत आयरिश सैनिक भरपूर. आयरिश म्हणजे कॅथलिक. त्यांची प्रार्थना, लग्नं, मर्तिकं करायला फादर लागायचे. म्हणजे हे मिशन सुरुवातीला गरिबांकडे आलं त्याहून जास्त पलटणीमागे आलं. मग शाळा निघाली (नागपूरची एसएफएस 1870 ची), जोगिणी आल्या, 1887 मध्ये नागपूरला स्वतंत्र बिशप मिळाले, त्यांचं नाव अलेक्सिस रिकाझ. खेड्यापाड्यातला माणूस या गोष्टीत खऱ्या अर्थानं येतो तो दुष्काळात.

1896-97 आणि त्यावर लगेच 1899-1900. दुसरा तो छप्पन्न्याचा दुष्काळ, संवत 1956 चा. मध्य प्रांतात हे दोन्ही दुष्काळ फार वाईट होते आणि आपला भंडारा धानाचा जिल्हा. धानाला रोवणीनंतर पाणी मिळालं नाही की सगळं संपलं. 1891 ते 1901 या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, उलट घटली. उपासमार, पटकी, ताप आणि देशोधडीला लागलेली माणसं, सगळं त्यात आलं.

या काळात रस्त्यावर पडलेली पोरं सरकारी मदत केंद्रांत यायची. नातेवाईक सापडले तर ठीक, जातीतलं कोणी न्यायला आलं तर ठीक. नाही आलं तर सरकार ती पोरं अनाथालयांना देऊन टाकायचं, आणि अनाथालयं बहुतेक मिशनची. पोर जगायचं, शिकायचं, सुतारकी किंवा शिवणकाम शिकायचं आणि ख्रिस्ती म्हणून मोठं व्हायचं. आता याला जुलूम म्हणायचं की जीवदान? मला विचाराल तर, ज्या गावानं त्या पोराला दारात उभं केलं नाही त्या गावाला तक्रारीचा हक्क थोडा कमीच उरतो. पण हेही खरं की सहा वर्षांच्या पोराला कोणी विचारलं नव्हतं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि मला त्यातलं एक खोडता येत नाही.

पश्चिमेकडे अहमदनगर जिल्ह्यातही असंच घडलं, फक्त वीस वर्षं आधी. 1876-78 चा दुष्काळ पडला आणि त्यानंतर राहुरीकडच्या केंदळ-वळण भागात जर्मन जेझुइट फादर येऊन राहिले. तिथे त्यांच्याकडे वळले ते मुख्यतः महार समाजातले लोक. बलुत्यात शिळं-पाकं, वेठबिगार, गावच्या विहिरीवर बंदी. आणि समोर शाळा, शिवाय कचेरीत आपल्या बाजूनं बोलणारा गोरा फादर. माणूस कुठे जाईल? नुसता तांदूळ म्हणून हा हिशेब संपत नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं जर्मन फादरांना शत्रू म्हणून देशाबाहेर काढलं आणि पुढे पुण्या-नगरकडे स्वित्झर्लंडचे जेझुइट येत गेले. हे लक्षात ठेवा, खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

त्याआधी आपल्या भागातलं एक प्रकरण सांगतो, कारण ते आज सगळे विसरले. 1956 पर्यंत भंडारा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. रविशंकर शुक्लांच्या सरकारनं 1954 मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. 1956 मध्ये अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की शाळा, दवाखाने, अनाथालयं यांचा वापर धर्मांतरासाठी होतो. ज्यांचं मुख्य काम धर्मांतर आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं. ख्रिस्ती लोकांनी अहवाल एकतर्फी म्हणून नाकारला. आज सत्तर वर्षं होत आली तरी दोन्ही बाजू हाच अहवाल काढून भांडतात.

आणि गंमत बघा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यांत हेच नियोगी होते! धर्म बदलण्यालाच त्यांचा विरोध होता असं म्हणायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नाही. माझ्या वाचण्यात त्यांचा आक्षेप धर्म बदलण्यापेक्षा, अडलेल्या माणसाला मदत देताना त्याच्या गळ्यात काय अडकवलं जातं यावर जास्त होता. हा प्रश्न रास्त आहे. तो फक्त मिशनला विचारायचा, की निवडणुकीच्या तोंडावर साड्या वाटणाऱ्यांनाही, हे तुम्ही ठरवा.

आता त्या स्विस फादरकडे येऊ. हर्मन बाखर. जन्म 1924, भारतात आले 1948 मध्ये. नगर जिल्ह्यातले शेतकरी त्यांना "बाखर बाबा" म्हणायचे. साठच्या दशकात त्यांनी नगरला सोशल सेंटर नावाची संस्था काढली. सुरुवात चारचौघांसारखीच: शेतकऱ्याला कर्ज मिळवून दे, विहीर खोदायला मदत कर. मग 1972 चा दुष्काळ आला. आपल्या आईवडिलांना तो सुकडी आणि मिलोच्या नावानं आठवतो. नगर त्या दुष्काळात होरपळलेला जिल्हा. विहिरी खोदत गेलं तरी पाणी खालीच जात होतं. जमिनीत काही मुरलंच नाही तर विहिरीत येणार कुठून? हे साधं वाटतं, पण सरकारनं आणि संस्थांनी कोट्यवधी रुपये विहिरींत घातल्यावर ते सुचायला दहा-वीस वर्षं लागली.

त्यातून माथा ते पायथा हा मार्ग निघाला. पाणी डोंगरावर पडतं तिथेच आधी अडवायचं: चर, बांध, झाडं, गवत. ओढ्यातला बंधारा सगळ्यात शेवटी. ठेकेदाराला नेमकं उलटं आवडतं, कारण बंधाऱ्यात सिमेंट असतं. हे काम मोठं करायला बाखरांनी जर्मन सरकारचा पैसा आणि आपली नाबार्ड बँक यांना एकत्र आणलं. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम म्हणतात तो हाच, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. गावांना शिकवून तयार करायला 1993 मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर 'वॉटर' ही संस्था उभी केली. नगर जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं ही वाट आपापल्या बळावर दाखवलीच होती, त्यामुळे सगळं श्रेय एका फादरला देऊन मोकळं होऊ नये.

मला यात सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या अटी. पैसा हवा तर गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं. पुढेही मजुरीच्या खर्चाचा साधारण सहावा हिस्सा श्रमदानातून द्यायचा, पण भूमिहीन आणि एकट्या बाईच्या घराला त्यातून सूट. मोकाट चराई बंद, कुऱ्हाड बंद, बोअर मारायचं नाही, फार पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. समिती ग्रामसभेत निवडायची, त्यात बाया आणि भूमिहीन हवेत. आधी वर्ष-दीड वर्ष छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं, मगच मोठी रक्कम, आणि तीही गावाच्या समितीकडे. धर्माचं नाव या अटींत कुठेच नाही. गावं बहुतेक मराठा, धनगर, आदिवासी, आणि काम संपलं तेव्हाही ती तशीच होती.

अटी कागदावर छान दिसतात, गावात त्यांच्यावरून भांडणं होतात. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत 1996 ला काम सुरू झालं. उन्हाळ्यात टँकर, वर्षातून तीन-चार महिनेच शेतमजुरी, बाकीचे दिवस ऊसतोड नाहीतर मुंबई-पुणे. चराईबंदी म्हटल्यावर मेंढरं पाळणारे धनगर बिथरले. बिथरतील नाही तर काय! जमीनवाल्याच्या विहिरीला पाणी यावं म्हणून मेंढपाळानं मेंढरं विकायची? तोडगा निघायला वेळ लागला. डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्यानं बंद केला, चरायला काही भाग मोकळा ठेवला. 2001 पर्यंत काम पुरं होऊन ते गावाच्या हाती गेलं. मजुरी नऊ-दहा महिने मिळू लागली, टँकर थांबला. 2005 च्या सुमारास जगभरच्या संस्थांच्या अहवालात दरेवाडी उदाहरण म्हणून छापून आली. तरी एक गोष्ट त्याच अहवालांनी नोंदवली आणि भाषणांत कोणी सांगत नाही: ज्याच्याकडे जमीन होती त्याचा फायदा जास्त झाला. भूमिहीनाला मजुरी वाढून मिळाली, पाणी नाही. बाखरांच्या पद्धतीतला हा कच्चा दुवा मला आजही सुटलेला दिसत नाही.

हाच नमुना पाहून केंद्रानं 1999-2000 च्या बजेटमध्ये नाबार्डकडे 200 कोटींचा पाणलोट निधी ठेवला. 2009 मध्ये बाखर बाबा साठ वर्षांच्या मुक्कामानंतर स्वित्झर्लंडला परत गेले आणि सप्टेंबर 2021 मध्ये 97 व्या वर्षी तिथेच वारले.

तुम्ही म्हणाल, नगरचं नगरला, आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात याचा काय संबंध? आपल्याकडे पाऊस त्यांच्या दुप्पट-तिप्पट. बरोबर. म्हणूनच आपल्याकडे चरांपेक्षा तलाव झाले. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी तलाव, बोड्या बांधल्या, पाण्याच्या वाटणीचे नियम ठरवले. मालगुजाराची मालकी होती, अन्याय होता, पण पाळ कोण दुरुस्त करणार आणि पाट कोण काढणार हे ठरलेलं होतं. 1950 चा कायदा झाला, 1951 ला मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. तलाव सरकारकडे गेले. मालकाबरोबर नियमही गेले आणि त्यांच्या जागी नवे नियम गावानं केले नाहीत. आज कुठे पाण्यावर बेशरम माजलं आहे, कुठे तलावाच्या पोटात धानाच्या बांध्या आहेत, कुठे ढिवर बांधवांची मासेमारी आणि शेतकऱ्याचं पाणी यांचं दर उन्हाळ्यात भांडण आहे. गाळ काढायच्या योजना येतात, जेसीबी येतो, फोटो निघतो.

आमच्याकडच्या एका तलावाबद्दल मी ग्रामसभेत विचारलं होतं की पाण्याच्या वाटणीची समिती कुठे आहे. कागदावर समिती होती. तिच्यातल्या दोघांना आपण सदस्य आहोत हे त्या दिवशी कळलं.

परका फादर नगरच्या गावाला "आधी श्रमदान, मग पैसा" असं तोंडावर म्हणू शकला, कारण त्याला तिथे मतं मागायची नव्हती. आपल्या तलावासाठी हे कोण म्हणणार? पवनी-लाखनी-साकोलीकडच्या मित्रांनो, एक काम करा. तुमच्या गावच्या तलावाचं पाणी 1951 च्या आधी कोण सोडायचं, कोणाच्या बांधीला आधी जायचं, आणि पाळ फुटली तर कोणत्या घरातून किती माणसं यायची, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून मला लिहा. नव्वदीच्या पुढची माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिली आहेत.