टेक्सासची शिरगणती

एखाद्या नगरांत अमुक समाजाचे लोक शेंकडा किती, हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ गणिताचा आहे. माणसें मोजावीं, बेरीज करावी, भागाकार करावा, म्हणजे उत्तर हातीं येतें. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास एवढें उत्तर पुरत नाहीं. मोजणाऱ्यानें कोणास कोणत्या सदरांत घातलें, तें सदर कोणीं व कशासाठीं निर्माण केलें, आणि हातीं आलेल्या आंकड्याचा पुढें कोणीं काय उपयोग केला, हें विचारल्याशिवाय शेंकडेवारीचा अर्थ लागत नाहीं. आमच्याकडे जातीच्या आणि भाषेच्या मोजणीवरून जे वाद माजले ते वाचकांस ठाऊकच आहेत. तशाच प्रकारचें एक दूरचें उदाहरण, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास राज्याचें, आम्हीं येथें विचारासाठीं घेतलें आहे. दूरच्या उदाहरणांत एक सोय असते. तेथें आपले रागलोभ गुंतलेले नसतात.

प्रथम आंकडेच पाहूं. २०२० च्या खानेसुमारींत टेक्सासची लोकसंख्या २ कोटी ९१ लाखांवर भरली. त्यांपैकीं शेंकडा ३९.३ लोक हिस्पॅनिक अथवा लॅटिनो, म्हणजे मेक्सिको व इतर स्पॅनिशभाषी देशांशीं मूळचा संबंध सांगणारे, निघाले. हिस्पॅनिक नसलेले गोरे शेंकडा ३९.७ होते. पुढें जुलै २०२२ च्या सरकारी अंदाजांत हिस्पॅनिकांचें प्रमाण ४०.२ व गोऱ्यांचें ३९.८ दाखविलें गेलें. आतां शहरें घेऊं. रिओ ग्रांदे नदीच्या कांठीं वसलेल्या लरेडो व ब्राउन्सव्हिल या शहरांत हिस्पॅनिक लोक शेंकडा ९५ च्या आसपास आहेत; एल पासो येथें सुमारें ८१, सॅन अँटोनिओ येथें ६४, ह्यूस्टनमध्यें ४४, डलासमध्यें ४२, फोर्ट वर्थमध्यें ३५, राजधानी ऑस्टिनमध्यें ३३, आणि डलासच्या उत्तरेस असलेल्या प्लेनो या संपन्न नगरांत अवघे १५ च्या जवळपास. हे आंकडे नकाशावर रंगविले तर नदीकांठचा गडद रंग उत्तरेस जातां जातां फिका होत गेलेला दिसेल.

या नकाशावरून सहज असा समज होतो कीं, नदी ओलांडून येणाऱ्या लोकांचा हा लोंढा आहे. सीमा जवळ तेथें तो दाट, सीमा दूर तेथें विरळ. या समजांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच आहे. सॅन अँटोनिओची वसाहत स्पॅनिश लोकांनीं १७१८ सालीं घातली. १७३१ सालीं कॅनरी बेटांतून आलेलीं १६ कुटुंबें तेथें राहिलीं आणि त्यांनीं नगरसंस्था उभारली. लरेडो १७५५ सालीं वसलें. त्या वेळीं अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें अस्तित्वांतही नव्हतीं, मग त्यांची सीमा कोठून असणार? लरेडोच्या दृष्टीनें नदी म्हणजे गुरांना पाणी पाजण्याची जागा होती. दोन राष्ट्रांमधील रेषा ती पुढें ९० वर्षांहून अधिक काळानें झाली. माणसांनीं सीमा ओलांडली हें जितकें खरें, तितकेंच सीमेनें माणसांना ओलांडलें हेंही खरें आहे.

१८२१ सालीं मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला. टेक्सास त्याचाच एक ओसाड, विरळ वस्तीचा उत्तर भाग. तो भरावा म्हणून मेक्सिकोच्या सरकारनें अमेरिकन वसाहतवाल्यांना जमिनी देऊ केल्या. ज्याचें नांव आज राजधानीला आहे तो स्टीफन ऑस्टिन या वसाहतवाल्यांचा अग्रणी होता. म्हणजे त्या काळीं टेक्सासांत 'बाहेरून आलेले' ते इंग्रजी बोलणारे. १८२८ सालीं सीमाप्रदेशाची पाहणी करण्यास आलेला मेक्सिकन सेनापति मानुएल द मिएर इ तेरान यानें वर कळविलें कीं, सॅन अँटोनिओहून पूर्वेस नॅकोडोचिसकडे जावें तसतसा मेक्सिकन प्रभाव जवळजवळ नाहींसा होतो. ६ एप्रिल १८३० च्या कायद्यानें मेक्सिकोनें अमेरिकेंतून येणाऱ्यांस बंदी घातली, परंतु कायदा कागदावर राहिला व माणसें येत राहिलीं. १८३६ च्या सुमारास टेक्सासांत इंग्रजीभाषी गोरे ३०,००० च्या घरांत, तर मेक्सिकन वंशाचे लोक फार तर ४,००० होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मेक्सिकोनें गुलामगिरीविरुद्ध कायदे केले होते, आणि नव्या वसाहतवाल्यांनीं आपले गुलाम बरोबर आणले होते. बंडाच्या कारणांत हेंही एक कारण होतें. मार्च १८३६ मध्यें अलामोचा पाडाव झाला, एप्रिलांत सॅन हसिंटोच्या लढाईंत टेक्सासवाल्यांनीं विजय मिळविला, आणि १८४५ सालीं टेक्सास अमेरिकेंत सामील झालें.

या उलथापालथींत हुआन सेगीन या गृहस्थाचें चरित्र डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे. तो सॅन अँटोनिओचाच. जन्म १८०६ चा. टेक्सासच्या स्वातंत्र्यासाठीं तो मेक्सिकोविरुद्ध लढला. अलामोच्या वेढ्यांतून मदत मागण्यासाठीं निरोप्या म्हणून तो बाहेर पडला म्हणूनच वांचला. सॅन हसिंटोला तो आपल्या मेक्सिकन वंशाच्या तुकडीसह हजर होता. अलामोंत पडलेल्यांच्या रक्षेस अंत्यमान त्यानेंच दिला. पुढें तो सॅन अँटोनिओचा नगराध्यक्ष झाला. परंतु नव्यानें आलेल्या लोकांस त्याच्या पराक्रमापेक्षां त्याचें आडनांव अधिक दिसूं लागलें. तो शत्रूस फितूर आहे अशी हाकाटी उठली आणि १८४२ सालीं त्यास अधिकार सोडून मेक्सिकोंत पळावें लागलें. ज्या भूमीसाठीं तो लढला त्याच भूमींत तो परका ठरला. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची गरज पडणार आहे.

१८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहानें रिओ ग्रांदे ही कायमची सीमा ठरली. लरेडोंतील कांहीं कुटुंबें नदीपलीकडे गेलीं आणि त्यांनीं न्वेवो लरेडो वसविलें. पूर्वजांच्या अस्थीही त्यांनीं उकरून बरोबर नेल्या, अशी दंतकथा तेथें प्रसिद्ध आहे. जे अलीकडे राहिले त्यांची स्थिति गांवोगांव निराळी झाली. लरेडोंत जुन्या घराण्यांनीं आपला वचक राखला, कारण नवे आले ते थोडे होते आणि त्यांनीं त्या घराण्यांशीं सोयरिकी केल्या. उलट इतर अनेक ठिकाणीं कोर्टकज्जे, कर्ज व लबाडी यांच्यामुळें जुन्या जमिनी हातच्या गेल्या.

मग रेल्वे आली. सॅन अँटोनिओस ती १८७७ सालीं, लरेडो व एल पासो येथें १८८१ सालीं, आणि अगदीं दक्षिणेच्या टोंकास ब्राउन्सव्हिलला १९०४ सालीं पोंचली. रेल्वेमागून कापसाचे व भाजीपाल्याचे मोठाले मळे आले, आणि मळ्यांना मजूर हवे झाले. १९१० सालीं मेक्सिकोंत क्रांतीचा वणवा पेटला व हजारों कुटुंबें उत्तरेस लोटलीं. १९२४ सालीं अमेरिकेनें युरोपांतून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली, परंतु ती मेक्सिकोस लागू केली नाहीं. मळेवाल्यांस स्वस्त मजूर गमावणें परवडणारें नव्हतें. डलाससारख्या दूरच्या शहरांत मेक्सिकन मोहल्ले उभे राहिले ते या काळांत. ह्यूस्टनमध्यें पुढें १९८० नंतर एल साल्वादोर वगैरे मध्य अमेरिकेंतील यादवीनें होरपळलेले लोक आले. तेव्हां सॅन अँटोनिओचे ६४ आणि ह्यूस्टनचे ४४ हे एकाच सदरांतील आंकडे असले, तरी त्यांच्या मागें असलेले इतिहास एक नाहींत.

मजूर हवा, पण शेजारी नको, ही वृत्ति जगांत सर्वत्र आढळते. टेक्सासांत तिनें भयंकर रूप धारण केलें. १९१८ च्या जानेवारींत पोर्वेनीर या नदीकांठच्या खेड्यांत टेक्सास रेंजर्स नांवाच्या सरकारी दलानें व त्याच्या साथीदारांनीं १५ पुरुषांना व मुलांना ठार केलें. होसे कनालेस या आमदारानें १९१९ सालीं विधिमंडळांत या दलाच्या अत्याचारांची चौकशी करविली. त्याबद्दल त्यास धमक्याही सहन कराव्या लागल्या.

आतां आपण मूळ विषयाकडे, म्हणजे मोजणीकडे, वळूं. १९३० च्या खानेसुमारींत 'मेक्सिकन' हा एक स्वतंत्र वंश धरला गेला. त्या सदरांत देशभरांत १४ लाखांवर माणसें भरलीं; त्यांपैकीं जवळजवळ निम्मीं एकट्या टेक्सासांत. मंदीचे दिवस होते. मेक्सिकन माणसांची, आणि त्यांच्यासमवेत अमेरिकेंत जन्मलेल्या त्यांच्या मुलांचीही, मेक्सिकोकडे रवानगी चालली होती. अशा वेळीं निराळ्या वंशाचें सदर हें त्या समाजास धोक्याचें वाटलें तर नवल नाहीं. १९२९ सालीं कॉर्पस क्रिस्टी येथें स्थापन झालेल्या 'लीग ऑफ युनायटेड लॅटिन अमेरिकन सिटिझन्स' या संस्थेनें आग्रह धरला कीं, आम्हांस गोरेच म्हणावें. १९३६ सालीं एल पासोच्या अधिकाऱ्यांनीं जन्ममृत्यूच्या नोंदींत मेक्सिकनांस 'रंगीत' ठरविण्याचा घाट घातला, तेव्हां जोराचा विरोध होऊन तो बेत सोडावा लागला. या बेताचा एक हेतु असा होता कीं, गरीब वस्त्यांतील बालमृत्यु गोऱ्यांच्या सदरांतून वगळले कीं शहराचा आंकडा चांगला दिसावा. मुलें मरावयाचीं थांबणार नव्हतीं. फक्त सदर बदलणार होतें. १९४० च्या खानेसुमारींत मेक्सिकन वंशाचें स्वतंत्र सदर गेलें व ते लोक गोऱ्यांत मोजले गेले.

परंतु जें नांव ढाल म्हणून मागून घेतलें, तेंच पुढें त्यांच्याविरुद्ध वापरलें गेलें. जॅक्सन परगण्यांत पीट हर्नांडेझ नांवाच्या मजुरावर खुनाचा खटला झाला. त्या परगण्यांत शेंकडा १४ लोक स्पॅनिश आडनांवांचे असतां, मागील २५ वर्षांत ज्यूरींत असा एकही मनुष्य बसला नव्हता. सरकारपक्ष म्हणाला, मेक्सिकन लोक गोरे आहेत; ज्यूरीही गोरी होती; मग पक्षपात कसला? यावर बचावाच्या वकिलांनीं, गुस्तावो गार्सिया आणि कार्लोस कादेना यांनीं, त्याच न्यायमंदिराच्या आवारांतील शौचालय दाखविलें. एकावर कांहींच पाटी नव्हती. दुसऱ्यावर 'रंगीत पुरुष' असें इंग्रजींत, आणि त्याखालीं 'पुरुषांनीं येथें जावें' असें स्पॅनिशांत लिहिलें होतें. ३ मे १९५४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला कीं, घटनेचें संरक्षण केवळ काळ्यागोऱ्या भेदापुरतें नाहीं. येथें प्रथमच शेंकडेवारी ही त्या समाजाच्या हातांतील पुरावा झाली. ज्यांना मोजलेंच जात नाहीं त्यांना वगळलें गेलें हें सिद्ध करतां येत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत आली. आणि ज्या समाजानें स्वतंत्र सदर नाकारलें होतें, त्याच्याच पुढील पिढीनें तें मागून घेतलें. १९७० सालीं कांहीं थोड्या घरांना आणि १९८० सालीं सर्वांना, तुम्ही हिस्पॅनिक मूळचे आहांत काय, असा प्रश्न विचारला गेला. हें सदर वंशाचें नव्हे, उगमाचें. त्यांत गोरा, काळा, मूळनिवासी असा कोणीही असूं शकतो.

तरीही संख्या आणि सत्ता यांमध्यें मोठें अंतर असतें, हें सॅन अँटोनिओनें दाखविलें. मतदानासाठीं आधीं भरावयाच्या डोईपट्टीनें गरिबांस कित्येक दशकें दूर ठेविलें होतेंच. शिवाय नगरसभेचे सभासद सबंध शहराच्या मतांनीं निवडले जात. त्यामुळें पश्चिमेकडील दाट मेक्सिकन वस्त्यांची मतें शहरभर विरघळून जात. १९७५ सालीं मतदानहक्काच्या कायद्याचें संरक्षण टेक्सासच्या स्पॅनिशभाषी लोकांना मिळालें, १९७७ सालीं शहरानें विभागवार निवडणूक स्वीकारली, आणि नगरसभेचें रूप एका निवडणुकींत पालटलें. १९८१ सालीं हेन्री सिस्नेरोस नगराध्यक्ष झाला. मेक्सिकन वंशाचा त्याच्या आधींचा निवडून आलेला नगराध्यक्ष कोण, तर हुआन सेगीन. मध्यें १३९ वर्षें गेलीं होतीं. त्या शहरांत या समाजाची वस्ती त्या काळांत कधींही नगण्य नव्हती. नव्हता तो मार्ग.

आजच्या आंकड्यांकडेही याच सावधगिरीनें पाहिलें पाहिजे. २०२० च्या मोजणींत देशभरांतील हिस्पॅनिक लोकांपैकीं शेंकडा ५ च्या जवळपास मोजावयाचे राहून गेले, असें खुद्द खानेसुमारी खात्याच्या तपासणींत निघालें. मोजलेल्यांतही मुलांचें प्रमाण मोठें, आणि कित्येकांना नागरिकत्व नाहीं. म्हणून शेंकडा ४० लोक म्हणजे शेंकडा ४० मतें नव्हेत. आणि मतें असलीं तरी तीं एकाच बाजूस पडतील असें कोणीं सांगावें? नदीकांठच्या स्टार परगण्यांत शेंकडा ९५ हून अधिक लोक हिस्पॅनिक आहेत. त्या परगण्यानें शतकाहून अधिक काळ राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत डेमोक्रॅटिक पक्षास साथ दिली, आणि २०२४ सालीं रिपब्लिकन उमेदवारास मत दिलें. सदर एक असलें म्हणून मन एक असतें असें नाहीं.

कोणताही समाज वाढला कीं दुसऱ्यास भय वाटतें, आणि वाढणाऱ्यास वाटतें कीं आतां आपलें राज्य आलें. टेक्सासचा इतिहास दोघांसही सबुरीचा सल्ला देतो. १८३६ सालीं ज्यांची संख्या अधिक होती त्यांनीं ती कायमची मानली. आज ती तशी राहिलेली नाहीं, आणि आजचीही राहील असें नाहीं. टिकून राहतो तो, अल्पसंख्य असतांना आपणांस कसें वागविलें गेलें याचा अनुभव. प्लेनोंतील शेंकडा १५ लोकांना आणि लरेडोंतील उरलेल्या शेंकडा ५ लोकांना न्यायालयांत, शाळेंत व नगरसभेंत सारखीच जागा मिळते कीं नाहीं, यावरून त्या राज्याची पारख व्हावी, असें आम्हांस वाटतें. खानेसुमारीच्या तक्त्यांत या प्रश्नासाठीं सदर नसतें. तें प्रत्येक गांवाच्या नागरिकांनींच भरावयाचें असतें.