फुफ्फुस प्रत्यारोपण : समजावण्याचा इतिहास

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात घट्ट कफ साचून फुफ्फुसे हळूहळू निकामी होतात. अखेरीस प्रत्यारोपणाचा पर्याय उरतो. तो स्वीकारायचा की नाही, हे रुग्ण कशाच्या आधारे ठरवतो?

1963 मध्ये अमेरिकेत डॉ. जेम्स हार्डी यांनी पहिले मानवी फुफ्फुस प्रत्यारोपण केले. रुग्ण जन्मठेपेचा कैदी होता. तो 18 दिवस जगला. शिक्षेत सूट मिळण्याची आशा असताना दिलेली संमती मुक्त म्हणता येईल का, याचा विचार करा.

भारतात 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आरंभी महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. पुढे कर्नाटकनेही तो स्वीकारला. त्याच्या कलम 12 नुसार शस्त्रक्रियेचे परिणाम, गुंतागुंत व धोके रुग्णाला आधी समजावणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. बंगळुरूच्या हेब्बाळमधील रुग्णालयेही याला अपवाद नाहीत.

पण समजावायचे केव्हा? 2019 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार, श्वसनचाचणीतील 'एफईव्ही-1' अपेक्षित प्रमाणाच्या 50 टक्क्यांखाली गेल्यावर ही चर्चा सुरू व्हावी. नव्या फुफ्फुसांनी मूळ आजार जात नाही, औषधे जन्मभर घ्यावी लागतात. दम लागलेल्या अवस्थेत हे सारे तोलता येत नाही. लक्षात ठेवा, वेळेवर मिळालेली माहिती हा संमतीचाच भाग आहे.