कोरी तबकडी आणि जुनी फीत



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. घरांत पडून राहिलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून घ्यावयाच्या झाल्यास कोरी तबकडी कोणती निवडावी, एवढाच तो प्रश्न आहे. दुकानदार देईल ती घ्यावी, त्याला इतिहास कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु जें जपावयाचें तें कशावर उतरवावें, हा प्रश्न मनुष्यास लेखनकला अवगत झाली तेव्हांपासूनचा आहे; आणि त्याचा पहिला धडा आमच्या वसईच्या भूमींतच मिळतो.

गिरीजपासून फार दूर नसलेल्या सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढें १९५६ सालीं भुईगांवास नवव्या लेखाचा तुकडा हातीं आला. बावीसशेंहून अधिक वर्षांपूर्वीं कोरलेलीं ब्राह्मी अक्षरें पाषाणानें इमानानें सांभाळलीं. मात्र तीं अक्षरें वाचणारे मधल्या काळांत लोपले होते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनीं ब्राह्मी लिपीचा उलगडा केला नसता, तर सोपाऱ्याचा दगड सांपडूनहि मुकाच राहिला असता. यावरून दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या: लेख ज्यावर आहे ती वस्तु टिकली पाहिजे, आणि तो वाचण्याचें साधनहि टिकलें पाहिजे.

आपल्या कॅसेटींवर हीं दोन्ही संकटें एकदमच आलीं आहेत. जपानच्या जेव्हीसी कंपनीनें १९७६ सालीं व्हीएचएस पद्धति बाजारांत आणली. आपल्याकडे १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांच्या निमित्तानें रंगीत दूरदर्शन आलें, आणि त्यानंतरच्या वर्षांत व्हीसीआर यंत्र हळूहळू घरोघर पोहोंचलें. लग्नकार्याची कॅसेट काढण्याची चाल पडली. त्या कॅसेटींत केवळ नवरानवरी नाहींत. आज हयात नसलेल्या आजीआजोबांचे चालते-बोलते चेहरे त्यांत आहेत, आणि लग्नघरच्या वयस्क स्त्रियांनीं कादोडी व वाडवळी बोलींत म्हटलेलीं गाणींहि आहेत. यांतील पुष्कळसें कोणीं कागदावर उतरून घेतलेलें नाहीं. ती फीत गेली कीं तो आवाजहि गेला.

फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर चुंबकीय भुकटी एका चिकट द्रव्यानें बसविलेली असते. आमच्या समुद्रकांठच्या दमट हवेनें तें द्रव्य सुटूं लागतें व फितीवर बुरशी धरते. ही पहिली आपत्ति. दुसरी अशी कीं, व्हीसीआर बनविणारी अखेरची कंपनी म्हणून ओळखलेल्या जपानच्या फुनाईनें २०१६ च्या जुलैमध्यें तें काम थांबविलें. म्हणजे फितीचा वाचकच आतां अस्तास चालला आहे.

आतां तबकडीकडे वळूं. डीव्हीडी प्रथम १९९६ सालीं जपानांत विक्रीस आली. घरीं लिहितां येण्याजोगी वजा चिन्हाची तबकडी, म्हणजे डीव्हीडी-आर, १९९७ सालीं पायोनियर कंपनीनें काढली, आणि अधिक चिन्हाची, म्हणजे डीव्हीडी+आर, २००२ सालीं आली. हिची रचना अशी: ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पारदर्शक चकत्या एकमेकींस चिकटविलेल्या, आणि त्यांच्यामध्यें रंगद्रव्याचा व चकाकत्या धातूचा पातळ थर. लेसर किरण त्या रंगद्रव्यावर खुणा करतो. याच खुणा म्हणजे आपलें चित्र. म्हणून तबकडीची निवड ही वस्तुतः त्या रंगाची व तो बसविणाऱ्या कारखान्याची निवड होय. ऊन, उष्णता व दमटपणा हे त्या रंगाचे वैरी आहेत.

वजा आणि अधिक या दोहोंपैकीं कोणतीहि आजच्या बहुतेक यंत्रांवर चालते. फार जुनें यंत्र असल्यास वजाची घ्यावी. पुसून पुन्हां लिहितां येणारी आरडब्ल्यू जातीची तबकडी जतनासाठीं घेऊं नये. जी सहज पुसतां येते तिच्यावर पूर्वजांचें दर्शन कशाला सोंपवावें? दुहेरी थराचीहि टाळावी. साध्या तबकडींत चांगल्या प्रतीचें सुमारें दोन तासांचें चित्रण मावतें. यास्तव तीन तासांची कॅसेट दोन तबकड्यांवर उतरवावी, एकींत कोंबूं नये. लिहितांना वेग मध्यम ठेवावा. मागल्या बाजूस कागदी चिकटपट्टी लावूं नये. मधल्या कड्यावर मऊ टोंकाच्या, पाण्याच्या शाईच्या लेखणीनें नांव घालावें. काम झाल्यावर तबकडी दुसऱ्या यंत्रावर अथपासून इतिपर्यंत पाहावी, आणि तोंवर मूळ कॅसेट हातावेगळी करूं नये.

नांवावर मात्र फार विसंबूं नये. उत्तम तबकड्यांबद्दल ख्याति पावलेल्या जपानच्या तायो युदेननें २०१५ अखेर हा धंदा सोडला. १९८३ सालीं दिल्लींत स्थापन झालेली आपली मोझर बेअर कंपनी एके काळीं जगांतील मोठ्या उत्पादकांत गणली जाई. २०१८ सालीं तिचें दिवाळें वाजलें. वेष्टनावरचें नांव एकाचें आणि कारखाना दुसऱ्याचा, असेंहि घडतें. २०२५ च्या फेब्रुवारींत सोनीनें कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन बंद केलें. तेव्हां तबकडी हीसुद्धां कायमचें घर नव्हे, वाटेवरची धर्मशाळा आहे.

मग कायमचें असें कांहीं आहे काय? आपल्या वाङ्मयाचा इतिहास याचें उत्तर देतो. ज्ञानेश्वरांच्या काळची ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु पिढ्यान्‌पिढ्या नकला होत राहिल्या, आणि शके १५०६ मध्यें एकनाथांनीं त्यांवरून शुद्ध प्रत सिद्ध केली. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें. त्या छापील आवृत्तीची एकहि प्रत आढळत नाहीं, तरी हातांनीं केलेल्या नकलांमुळें ग्रंथ वांचला. छापखान्यास जें साधलें नाहीं तें भाविकांच्या बोरूनें साधलें.

आपणहि तेंच करावें. चांगल्या तबकडीवर एक प्रत, दुसरी निराळ्या घरीं, आणि तिसरी संगणकाच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. शिवाय दर पांचसात वर्षांनीं पाहून नवी नकल करावी. पावसाळा सरून हवा कोरडी झाली कीं कपाटांतल्या कॅसेटी बाहेर काढा, आणि त्यांतील गाणाऱ्या बायकांचीं नांवें सांगणारें कोणी घरांत आहे तोंवर तीं नांवें तबकडीच्या डबींत कागदावर लिहून ठेवा. चित्र यंत्र दाखवील. परंतु तें कोणाचें हें यंत्रास सांगतां येणार नाहीं.